आगमनाची प्रतीक्षा आणि ‘ऐकणे’ : ख्रिस्तपुराणाच्या निमित्ताने

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठीच्या वर्गात निघते ते बहुधा एकाच प्रसंगी. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या पाठ्यवेच्यांत येतात. एका इंग्रज धर्मोपदेशकाने सुमारे चारशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेस असे गौरविले म्हणून शिक्षकांस व विद्यार्थ्यांस समाधान वाटते, आणि तेथेच पाठ संपतो. ज्या भाषेची त्यांनी स्तुती केली त्या भाषेत त्यांना सांगावयाचे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. उंबरठ्यावरील रांगोळी पाहून घरात न शिरताच परतावे, तसे हे होते. म्हणून ख्रिस्तपुराणाच्या मुळाशी असलेली कल्पना, म्हणजे वचन मिळालेल्या तारकाच्या जन्माची प्रतीक्षा आणि त्या प्रतीक्षेतील नम्र आज्ञाधारकपणा, येथे थोडक्यात उलगडून दाखविण्याचे आम्ही योजिले आहे. वाचकाचा धर्म कोणताही असो, ही कल्पना ध्यानी आल्याखेरीज या ग्रंथाची रचनाच समजत नाही.

ख्रिस्तपुराण प्रथम १६१६ साली साष्टीतील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथे सिद्ध केलेल्या आवृत्तीमुळे तो ग्रंथ आधुनिक अभ्यासकांच्या हाती आला. आपण त्यास पुराण म्हणतो. परंतु त्याच्या पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थ ‘आपला तारक येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचे, दोन भागांत विभागलेले विवेचन’ असा होता. या शीर्षकातील ‘आगमन’ हा शब्द आम्हास सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ग्रंथाचे दोन भाग आहेत. सालढाणा यांच्या आवृत्तीप्रमाणे पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू (म्हणजे अध्याय) व ४१८१ ओव्या आहेत. दुसऱ्यात ५९ अवस्वरू व ६७८१ ओव्या. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदिमानवाचे पतन, जलप्रलय, अब्राहाम, मोशे, राजे व संदेष्टे असा जुन्या कराराचा विस्तार आहे. म्हणजे चरित्रनायकाचा जन्म होण्यापूर्वीच ग्रंथाचा शेकडा अडतीस भाग संपलेला असतो. हा पाल्हाळ नव्हे. वाचकास वाट पाहावयास लावणे हाच पहिल्या पुराणाचा हेतू आहे, असे आमचे मत आहे.

आपल्या पुराणांतही अवतारापूर्वीची प्रतीक्षा आहेच. भागवताच्या दशम स्कंधात भाराने पीडित झालेली पृथ्वी गायीचे रूप घेऊन ब्रह्मदेवाकडे जाते, देव प्रार्थना करितात आणि अवताराचे आश्वासन मिळते. स्टीफन्स यांच्या श्रोत्यांना ही चाल परिचित असणार. परंतु दोहोंत एक भेद आहे, तो विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून दिला पाहिजे. अवतार युगायुगांतून होत राहतात; ख्रिस्ती समजुतीप्रमाणे तारकाचा देहधारी जन्म एकदाच होतो. त्यामुळे तेथील प्रतीक्षा पिढ्यानुपिढ्यांची होते. ज्यांनी वचन ऐकले त्यांतील बहुतेक ते पुरे झालेले न पाहताच मरण पावले. ज्याचे फळ आपल्या हयातीत दिसणार नाही अशा वचनावर आयुष्य बेतणे, यालाच तेथे श्रद्धा हे नाव आहे.

ही प्रतीक्षा इतिहासाबाहेर घडली नाही. ‘मशीहा’ हा हिब्रू शब्द व ‘ख्रिस्त’ हा ग्रीक शब्द, दोहोंचा अर्थ एकच : अभिषिक्त, ज्याच्या मस्तकी तेल ओतून त्याची नेमणूक झाली आहे असा. बाबिलोनी सैन्याने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी यरुशलेम उद्ध्वस्त केले व तेथील अनेकांस देशांतरास नेले. पुढे पारसीक, ग्रीक आणि इ. स. पू. ६३ पासून रोमन, अशा परक्या सत्ता त्या भूमीवर आल्या. अशा काळात यशया, मीखा आदी संदेष्ट्यांच्या वचनांकडे लोक आशेने पाहू लागले. कोणास दाविदाच्या वंशातील पराक्रमी राजा हवा होता, कोणास न्यायी पुरोहित. यहुदी परंपरा त्याच वचनांचा अर्थ आजही वेगळा करिते, हे येथे नमूद केले पाहिजे. ख्रिस्ती परंपरा मात्र असे मानते की ज्याची वाट पाहिली तो आला, पण अपेक्षिलेल्या थाटात आला नाही. गोठ्यातील गव्हाणीत निजविलेले मूल म्हणून आला. म्हणून प्रतीक्षा करणाऱ्यास नम्रता लागते. येणारा कसा यावा हे आपण ठरवावयाचे नाही, हा त्या नम्रतेचा पहिला अर्थ होय.

लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या दोन अध्यायांत अशा वाट पाहणाऱ्यांची एक मालिकाच आहे. जखऱ्या हा वृद्ध याजक मंदिरात धूप जाळीत असता देवदूत त्यास पुत्र होईल असे सांगतो. जखऱ्या खूण मागतो, आणि पुत्राच्या नामकरणापर्यंत त्याची वाचा बंद होते. त्यानंतर सहाव्या महिन्यात तोच गब्रिएल गालीलातील नासरेथ या गावी मरीया नावाच्या कुमारिकेकडे येतो. ती घाबरते, विचारात पडते आणि प्रश्न विचारिते : मला पुरुष ठाऊक नसता हे घडावे कसे? या दोन प्रश्नांतील अंतर सूक्ष्म आहे. जखऱ्यास आधी खात्री हवी आहे. मरीयेस समजून घ्यावयाचे आहे. दुसऱ्या प्रश्नास शिक्षा नाही, उत्तर आहे. उत्तर मिळाल्यावर ती स्वतःस प्रभूची दासी म्हणविते आणि होकार देते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील योसेफाची गोष्ट याच जातीची. वाग्दत्त वधू गर्भवती असल्याचे कळल्यावर तिची बेअब्रू न करिता तिला गुपचूप सोडावे असा त्याचा विचार असतो. स्वप्नात आज्ञा होते, आणि जागा होताच तो तीप्रमाणे वागतो. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही उद्गार नाही. त्याचा आज्ञाधारकपणा सारा कृतीत आहे. शेवटी मंदिरात वृद्ध शिमोन आणि वयोवृद्ध विधवा हन्ना त्या बालकास पाहतात. सारे आयुष्य वाट पाहण्यात गेलेल्या या दोघांस फळ दिसते ते केवळ एका तान्ह्या मुलाच्या रूपाने.

आज्ञाधारकपणा हा शब्द मराठीत आज काहीसा रुक्ष झाला आहे. तो उच्चारताच शाळेतील शिस्त किंवा अर्जाखालील ‘आपला आज्ञाधारक’ आठवतो. शिक्षकांनी येथे एका साध्या मराठी क्रियापदाची मदत घ्यावी असे आम्ही सुचवितो. ‘हा मुलगा ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याचे कान बिघडले आहेत असा अर्थ नसतो. ऐकणे म्हणजे कानांनी ग्रहण करणे आणि ऐकणे म्हणजे मानणे, हे दोन्ही अर्थ मराठीने एकाच शब्दात ठेविले आहेत. योगायोग असा की हिब्रू ‘शमा’ या क्रियापदात हेच दोन अर्थ आहेत. नव्या करारातील आज्ञापालनवाचक ग्रीक शब्द ‘ऐकणे’ या धातूपासूनच झाला आहे. आणि लॅटिन शब्दाचीही घडण तशीच आहे. तेव्हा त्या परंपरेत आज्ञा पाळणे म्हणजे आधी नीट ऐकणे. ज्याने ऐकले नाही, ज्याने विचारले नाही, त्याचे मान डोलावणे हे आज्ञापालन नव्हेच.

‘दासी’ या शब्दाचेही तसेच आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गुलाम स्त्री असा कठोर आहे. मराठी वाचकास मात्र तो शब्द ऐकताच नामदेवांची दासी म्हणवून घेणारी जनाबाई आठवते, आणि नवविधा भक्तीतील सातवी दास्यभक्ती आठवते. आपल्याकडे हा शब्द भक्तीने उजळलेला असल्यामुळे मराठी भाषांतरात त्याची कठोरता लपते, पण त्यातील आपलेपणा कळतो. जनाबाईच्या दास्यात जसा देवाशी भांडण्याचा अधिकारही आहे, तशीच लूकच्या कथेतील मरीया होकारानंतर मुकी बसत नाही. ती यहूदीयाच्या डोंगराळ प्रदेशात आपल्या नातलग अलीशिबेकडे जाते, आणि तेथे तिच्या मुखातून येणारे स्तोत्र बलवंतांस सिंहासनावरून खाली ओढणाऱ्या व भुकेल्यांस तृप्त करणाऱ्या देवाचे आहे. जी देवापुढे नमते तिला इतर कोणापुढे नमण्याचे कारण उरत नाही. नम्रता आणि लाचारी यांतील भेद याहून स्पष्ट क्वचितच दाखविला गेला असेल.

ही प्रतीक्षा चर्चच्या पंचांगात दरवर्षी पुन्हा जगली जाते. नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळास आगमनकाळ म्हणतात. पाश्चात्य परंपरेत तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमधील रविवारी सुरू होतो. रोमन कॅथलिक वेदीवर जांभळा रंग येतो आणि रविवारचे महिमागान थांबविले जाते. इसवी सन ६५६ मध्ये स्पेनमधील तोलेदो येथील धर्मसभेने १८ डिसेंबर हा दिवस मरीयेच्या सणासाठी नेमला. तो पुढे तिच्या प्रतीक्षेचा सण म्हणून ओळखला गेला. चेन्नईजवळच्या सेंट थॉमस माउंटवर पोर्तुगीजांनी १५२३ साली बांधलेले चर्च याच प्रतीक्षामातेचे आहे. प्रसूतीचे दिवस मोजणाऱ्या स्त्रीची ही प्रतिमा आम्हास फार अर्थपूर्ण वाटते. तिची प्रतीक्षा रिकामी नाही. जे यावयाचे आहे ते तिच्या ठायी वाढतच आहे. तिला घाई करिता येत नाही आणि निष्काळजीही राहता येत नाही.

बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांनी या प्रसंगावर केलेल्या एका प्रवचनात कथेची बाजूच पालटली आहे. त्यांच्या निरूपणाप्रमाणे देवदूताने निरोप सांगितल्यानंतर क्षणभर सारे थांबते. आदाम, अब्राहाम, दावीद, सारे पूर्वज, सारे जग मरीयेच्या उत्तराची वाट पाहते, आणि खुद्द परमेश्वरही वाट पाहतो. आतापर्यंत मनुष्य देवाची प्रतीक्षा करीत होता. आता देव मनुष्याच्या होकाराची प्रतीक्षा करितो. ख्रिस्ती आज्ञाधारकपणाचे सारे मर्म येथे आहे. नकार शक्य होता म्हणून होकारास मोल आले.

आणि नेमके याच ठिकाणी ख्रिस्तपुराणाच्या वाचकास थबकावे लागते. स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली तेथेच वारले. आयुष्यातील बहुतेक वर्षे त्यांनी साष्टीत काढली. ती भूमी तेव्हा प्रतीक्षेची नव्हती, सक्तीची होती. इन्क्विझिशन १५६० पासून गोव्यात बसले होते. साष्टीतील देवळे पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट व त्यांच्याबरोबरचे लोक गावकऱ्यांच्या हातून मारले गेले, आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांस बोलणीच्या निमित्ताने आसोळणे येथे बोलावून ठार करण्यात आले. पहिल्या पुराणाच्या आरंभी एक श्रोता पाद्रीस विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही वारिलीत, तर त्यांच्या जागी दुसरे का देत नाही? नम्र शब्दांत विचारलेला हा प्रश्न हिरावून घेतलेल्या ग्रंथांचे गाऱ्हाणेही आहे. ज्यांस नकार देण्याची मोकळीक नव्हती त्यांस मरीयेच्या मुक्त होकाराची कथा सांगितली जात होती, हा विरोध झाकून या ग्रंथाचे अध्यापन करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

तथापि या विरोधामुळे ग्रंथ टाकाऊ ठरत नाही. उलट तो अधिक लक्षपूर्वक वाचावासा वाटतो. सत्तेने आज्ञा केली. पुराणकाराने मात्र श्रोत्याचा प्रश्न ऐकला, त्यास आपल्या ग्रंथात पहिल्या पानांत जागा दिली, आणि त्याच्याच भाषेत, त्याच्याच ओवीत उत्तर दिले. वैकुंठ, परमेश्वर यांसारखे श्रोत्यांचे शब्द त्यांनी आपल्या कथेत आणिले. परकी भाषा इतकी आत्मसात करणे हेही एक दीर्घ ऐकणेच होते. त्या ऐकण्याने सक्तीचे पाप धुतले जाते असे आम्ही म्हणत नाही. परंतु १६८४ साली पोर्तुगीज राजवटीने लोकभाषांविरुद्ध फर्मान काढले तेव्हा ते ऐकणेही संपले, आणि मग काय उरले हे गोव्याचा इतिहास सांगतो.

म्हणून आमची सूचना इतकीच की वर्गात भाषास्तुतीच्या ओव्यांबरोबर पहिल्या पुराणातील त्या श्रोत्याचा प्रश्न आणि दुसऱ्या पुराणाच्या आरंभीच्या भागातील मरीयेचा प्रश्न, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. दोघेही नम्र आहेत, आणि दोघेही विचारतात. एकीच्या उत्तरासाठी देव थांबला, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. दुसऱ्याच्या उत्तरासाठी राज्यकर्ते थांबले नाहीत, असा इतिहास आहे. हे दोन प्रश्न विद्यार्थ्यांस जुळविता आले तर ख्रिस्तपुराण हा केवळ भाषेचा नमुना न राहता, ज्याच्याशी वाद घालता येईल आणि ज्याचे ऐकताही येईल, असा आपल्या वाङ्मयातील एक जिवंत ग्रंथ होईल.