उभ्या झाडाचा हिशेब

कोकणात खासगी रान तोडीला द्यायचं ठरलं की ठेकेदाराशी सौदा एका दुपारीही उरकतो. रोकड हातात पडते, घराचं छप्पर होतं, लग्नाचा खर्च निघतो. झाड उभं ठेवलं तर मालकाच्या पदरात काय? पाणी खालच्या गावाला, कार्बनचा फायदा साऱ्या जगाला. हा तिढा पैशाने सोडवण्याचे प्रयोग उष्ण कटिबंधातल्या अनेक देशांनी केले.

सर्वांत गाजला तो कोस्टा रिकाचा. १९९६च्या वनकायद्याने जंगल मोडून शेत-कुरण करायला बंदी घातली आणि पुढच्याच वर्षापासून राखणाऱ्याला मोबदला सुरू झाला. पैसा मुख्यतः इंधनावरच्या करातून. आज निम्म्याहून अधिक देश वनाच्छादित आहे. पण श्रेय एकट्या मोबदल्याचं नाही: गोमांसाचा धंदा मंदावला, पर्यटन वाढलं. शिवाय नोंदलेली बरीच जंगलं दूरची, चढावरची. ती तशीही कोणी तोडली नसती, असं अभ्यासकांना आढळलं.

मेक्सिकोने २००३ साली पाणीपट्टीतून पैसा काढला. तिथलं बरंचसं जंगल एहिदोंचं, म्हणजे गावकीचं, त्यामुळे करार गावसभेशी. इक्वाडोरच्या २००८च्या ‘सोसिओ बोस्के’ने वीस वर्षांचा करार आणला, क्षेत्र वाढेल तसा हेक्टरी दर उतरता, म्हणजे लहान मालकाला झुकतं माप. पण सरकारी तिजोरी आटली तेव्हा हप्ते रखडले. ब्राझीलचा वनकायदा तर ॲमेझॉनच्या जंगलातल्या मालकाला ८० टक्के क्षेत्र राखायलाच लावतो. हा नुसता दंडुका.

नेमकं मोजमाप युगांडात झालं. १२१ गावांपैकी निम्म्या गावांत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून, दोन वर्षं दरसाल हेक्टरी ७०,००० शिलिंग देऊ केले. पात्र मालकांपैकी जेमतेम एक तृतीयांश सामील झाले, तरी तिथलं वृक्षाच्छादन ४.२ टक्क्यांनीच घटलं. उरलेल्या गावांत ९.१ टक्क्यांनी. जिथे कुऱ्हाड खरोखर चालू होती, तिथे थोडा पैसाही कामी आला.

आपल्याकडे १९७५च्या खासगी वने संपादन कायद्याने अनेक मालकांची वनं सरकारजमा केली. तेव्हापासून सात-बाऱ्यावर ‘वन’ शेरा पडण्याची धास्ती अशी की काहींना रान माजू देणंच जोखमीचं वाटतं. दंडुका आहे, मोबदला नाही.

तरी सह्याद्रीत एक वेगळी वाट दिसते. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून चोचीने फळं भरवतो. अशी झाडं राखणाऱ्यांकडचा बेहडा नि हिरडा पुण्याच्या एका संस्थेने, रानातून जपून गोळा केल्याच्या ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्रासह, परदेशी वनौषधी कंपनीपर्यंत पोचवला. ही मिळकत सरकारी हप्त्यावर अवलंबून नाही, पण बाजारावर आहे; गिऱ्हाईक फिरलं की तीही आटेल.

म्हणून दर हेक्टरी किती, याआधी विचारावं: पैसा कुठल्या झऱ्यातून येतो, किती वर्षं येईल, आणि कोणत्या झाडावर आज तोडीची खूण पडली आहे? ठेकेदार फक्त एका दुपारसाठी येतो. त्याला परत पाठवायला मालकाच्या हातात पुढच्या वर्षीची खात्री लागते.