उन्हाळी टोमॅटो : उशिराच्या लागणीचा हिशेब

महाराष्ट्रात टोमॅटो तिन्ही हंगामांत होत असला, तरी उन्हाळी पीक हे सर्वांत अवघड; आणि त्याची लागण लांबली, तर शेतकऱ्याचे गणित पुरतेच बदलते. लांबण्याची कारणे साधीच असतात. हरभरा किंवा गहू वेळेवर निघत नाही, रोपे तयार नसतात. कधी चढ्या भावाचा मोह पडतो. 2023 च्या जुलैत अनेक शहरांत टोमॅटो किलोला 100 रुपयांच्या पुढे गेला. त्याच वर्षी थोडेच महिने आधी भाव इतका कोसळला होता, की काही शेतकऱ्यांनी माल फेकून दिला. भावाचा अंदाज असा फसवा असतो. उष्म्याचा अंदाज मात्र पुष्कळसा बांधता येतो.

टोमॅटोचे मूळस्थान दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरात आहे. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, ही या झाडाची जुनी सवय. उन्हाळ्यात पाणी मिळाले की झाड हिरवेगार वाढते, परंतु फळ धरत नाही, याचे मर्म येथेच आहे. फळधारणेला रात्रीचे तापमान 15 ते 20 अंश सेल्सिअस असणे उत्तम. ते याच्या बरेच वर राहिले आणि दिवसाचे 35 च्या पुढे गेले, की पराग निर्जीव होऊ लागतात आणि फुले देठापासून गळतात. विशेष हे, की परागाची हानी फूल उमलण्यापूर्वी आठ-दहा दिवस, कळीतच होते. म्हणून फुलगळ दिसल्यावर पाणी वाढवून किंवा युरिया टाकून उपयोग होत नाही. नत्राने पाला माजतो, फळ येत नाही.

यासाठी हिशेब लागणीच्या दिवसाचा नव्हे, तर कळीच्या दिवसाचा मांडावा. रोप शेतात लावल्यापासून सुमारे पाच आठवड्यांनी बहर येतो. विदर्भात जानेवारीअखेर लावलेले रोप मार्चच्या आरंभी फुलते आणि एप्रिलमध्ये तोडणीला येते. तेच मार्चच्या मध्यावर लावले, तर कळी एप्रिलच्या उन्हात सापडते. आणि मे महिन्यात नागपूरची रात्रही 28 अंशांच्या आसपास तापलेली असते. दिल्लीच्या मैदानी प्रदेशात कडक थंडी ओसरताच लावणी उरकतात, ती लू सुरू होण्याआधी फळ धरावे म्हणून. उलट जुन्नर-नारायणगाव भागात सह्याद्री जवळ असल्याने रात्री तुलनेने निवतात आणि तेथे उन्हाळी टोमॅटो मोठ्या प्रमाणावर होतो. महिना एकच असला, तरी गावागणिक त्याचा अर्थ वेगळा असतो.

उशीर झालाच, तर काही उपाय नुकसान कमी करतात. चार आठवड्यांचे ठेंगणे, दणकट रोप सायंकाळी लावावे आणि खोड थोडे खोल गाडावे. गाडलेल्या भागाला नवी मुळे फुटतात. वरंब्यावर उसाचे पाचट पसरावे. पाणी थोडे पण नियमित द्यावे. कधी कोरड, कधी चिखल अशा ओढाताणीत फळाचे बूड काळे पडते. पश्चिमेच्या बाजूस मक्याच्या ओळी असल्या, तर दुपारचे ऊन अडते. फळांवरचा पाला खुडू नये, अन्यथा ती उन्हाने भाजतात. पांढरी माशी पर्णगुच्छ रोगाचा विषाणू पसरवते, म्हणून रोपे प्रथमपासून बारीक जाळीखाली वाढवावीत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण या रोगाला प्रतिकार करणारा आहे. दिल्लीच्या ‘पुसा सदाबहार’ची ख्याती उष्ण रात्रीही फळ धरण्याविषयी आहे.

तोडणीतही एक मेख आहे. तापमान 30-32 अंशांच्या वर राहिले, की फळात लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही आणि ते पिवळट राहते. झाडावर लाली येण्याची वाट न पाहता, रंग फिरू लागताच फळ तोडून सावलीत पिकवावे.

परसातल्या चार झाडांना छाया देऊन जगवता येते; पहिल्या पावसाने रात्री निवल्या, की ती पुन्हा फळ धरू शकतात. एकरभर पिकाला मात्र तसे थांबणे परवडत नाही. जेथे कळी ऐन वैशाखात पडणार हे दिसते, तेथे त्या जमिनीत भेंडी किंवा गवार पेरणे हेच शहाणपणाचे. ही पिके उष्म्याला सरावलेली आहेत. टोमॅटोसाठी पुढच्या हंगामाची वाट पाहिलेली बरी.