रोलिंग मिल गिअरबॉक्सची निवड

रोलिंग मिल गिअरबॉक्स हे मोटरची वेगवान गती कमी करून पोलाद लाटणाऱ्या रोलना मोठा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा पीळ, पुरवणारे यंत्र होय. जालना एमआयडीसीमध्ये इंडक्शन भट्ट्या आणि बांधकामाच्या टीएमटी सळया तयार करणाऱ्या रोलिंग मिल मोठ्या संख्येने आहेत. अशा मिलमध्ये गिअरबॉक्स निकामी झाला की संपूर्ण ओळ थांबते. पुनर्तापन भट्टीत सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला तापलेल्या बिलेटवर पपडी धरत राहते आणि तेवढे पोलाद वाया जाते.

अश्वशक्ती आणि टॉर्क

गिअरबॉक्सची निवड केवळ अश्वशक्तीवरून करता येत नाही. किलोवॅटमधील शक्तीला ९५५० ने गुणून मिनिटाच्या फेऱ्यांनी भागले असता न्यूटन-मीटरमध्ये टॉर्क मिळतो. ५०० अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ३७३ किलोवॅटचे मोटारगाडीचे इंजिन ५००० फेऱ्यांवर सुमारे ७१० न्यूटन-मीटर टॉर्क देते. तेवढ्याच शक्तीची मिलची मोटर ७४० फेऱ्यांवर सुमारे ४,८०० न्यूटन-मीटर देते. गती सहापट कमी केल्यावर, घर्षणातील घट सोडल्यास, रोलच्या बाजूला हाच टॉर्क सुमारे २९,००० न्यूटन-मीटर होतो.

शक्तिशाली गाड्यांच्या स्वयंचलित गिअरबॉक्सनाही हेच तत्त्व लागू आहे. झेडएफ कंपनीच्या ८एचपी७० या नावातील ७० हा आकडा सुमारे ७०० न्यूटन-मीटर क्षमता सुचवतो. त्यातील ‘एचपी’चा अश्वशक्तीशी संबंध नाही. गाडी जागेवरून हलताना टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क वाढवतो. त्यामुळे आतील क्लच व दंतचक्रांना इंजिनाच्या मूळ टॉर्कपेक्षा अधिक भार सोसावा लागतो.

फ्लायव्हील आणि धक्के

मिलमध्ये असाच प्रकार फ्लायव्हीलमुळे घडतो. बिलेट रोलमध्ये शिरताच भार एकदम वाढतो, मोटर किंचित मंदावते आणि फ्लायव्हील साठवलेली ऊर्जा सोडते. यामुळे मोटर व वीजपुरवठा यांच्यावरील ताण कमी होतो. मात्र फ्लायव्हील मोटर आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये असल्याने लाटण्याचा पूर्ण टॉर्क गिअरबॉक्समधूनच जातो. मोटरच्या पाटीवरील आकड्यावरून निवडलेला गिअरबॉक्स म्हणूनच अपुरा ठरू शकतो. मोजायचा असतो तो लाटण्याचा कमाल टॉर्क. जड धक्क्यांच्या अशा कामासाठी सर्व्हिस फॅक्टर सहसा २ च्या आसपास किंवा त्याहून अधिक धरतात.

सळई अडकून गुंता झाला, म्हणजे कॉबल झाला, तर या हिशेबापलीकडचा धक्का बसतो. त्यासाठी रोलच्या बाजूच्या जोडणीत मुद्दाम एक कमजोर भाग ठेवतात. तो स्वस्त भाग आधी तुटतो आणि दाते वाचतात. वारंवार तुटतो म्हणून त्याजागी अधिक मजबूत भाग बसवल्यास हे संरक्षणच नाहीसे होते.

दाते आणि तेल

तिरके दाते सरळ दात्यांपेक्षा सलगपणे भार घेतात. दुहेरी तिरक्या दात्यांमध्ये आसाच्या दिशेचे दाब परस्परांना छेदतात. पृष्ठभाग कठीण आणि गाभा चिवट असलेले, केस-हार्डनिंग केलेले दाते झीज व धक्के दोन्ही सहन करतात. जालन्याच्या उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि भट्टीची धग त्यात भर घालते. त्यामुळे पंपाने फिरणारे तेल, तेल थंड करणारा कूलर आणि गाळणी आवश्यक असते. रोल थंड करणारे पाणी व लोखंडाची पपडी आत शिरल्यास तेलाचा थर टिकत नाही, म्हणून शाफ्टवरील सीलची तपासणी नियमित करावी लागते.