मापाची रुजवात

दसऱ्याच्या सुमारास सहकारी साखर कारखान्यांतून बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, आणि पुढे दिवाळीच्या मागेपुढे गव्हाणीत मोळी पडून गळिताचा हंगाम उभा राहतो. हे दोन्ही सोहळे ज्याने उमेदीच्या वयात पाना-पेचकसाची पिशवी खांद्याला लावून पाहिले, त्या मनुष्याकडे संपादकांनी औद्योगिक स्वयंचलनाचा आढावा मागितला, तर तो यंत्रमानवापासून सुरू न होता बॉयलरपासून सुरू होणार, याची त्यांनी खातरजमा करून घेतली असेलच.

इतिहासाचा ठरीव तपशील थोडक्यात आटोपतो. वॅटने 1788 साली वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोलकांचा नियामक बसविला. मॅक्सवेलने 1868 साली अशा नियामकांचे गणित मांडले. जहाजाच्या सुकाणूचे निरीक्षण करून मिनॉर्स्कीने 1922 मध्ये ज्या त्रिविध नियंत्रणाची उपपत्ती दिली, त्यालाच आज आपण पीआयडी म्हणतो. आणि 1942 साली झिग्लर व निकल्स यांनी त्याच्या ट्यूनिंगचे नियम घालून दिले. 1961 चा युनिमेट यंत्रमानव, 1969 चा पीएलसी (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर) आणि 1975 च्या सुमारास आलेली डीसीएस (विकेंद्रित नियंत्रण प्रणाली) यांचे गुणगान करणारे लेखक पुष्कळ आहेत. ते काम मी त्यांच्याकडेच सोपवितो. स्वयंचलन म्हणजे यंत्रमानवाचा हात, असे वर्षानुवर्षे प्रतिपादणाऱ्या या मंडळींना माझे एवढेच विचारणे आहे, की ज्या हाताला आपण कोठे आहोत हे कळत नाही, तो हात कितीही बळकट असला तरी त्याचा उपयोग काय? स्वयंचलनाचा आत्मा मापनात आहे. बाकी सारा त्याचा पोशाख.

आमच्या आरंभीच्या दिवसांत संकेत हवेच्या दाबाने जात असे, चौरस इंचास 3 ते 15 पौंड. पुढे तो विजेने जाऊ लागला, 4 ते 20 मिलिअँपिअर. मोजणी शून्यापासून न धरता 3 किंवा 4 पासून का धरली, हा प्रश्न मी प्रत्येक उमेदवाराला विचारीत असे. पातळी शून्य झाल्याचे वर्तमान आणि ते आणणारा जासूदच वाटेत मेल्याचे वर्तमान, या दोहोंत भेद करता यावा म्हणून ही तजवीज आहे. तार तुटली, तर चार नव्हे, शून्य येते. एवढा विवेक ज्या शास्त्राने आपल्या पहिल्याच धड्यात घातला, त्याला रुक्ष कोण म्हणेल?

माझा स्वतःचा पहिला धडा मात्र पुस्तकातला नव्हे. दक्षिण महाराष्ट्रातील एका कारखान्यात रात्रपाळीला टर्बाइनवरचा भार एकाएकी वाढला, वाफेची मागणी चढली, आणि बॉयलरच्या ड्रममधील पाण्याची पातळी वर जाताना दिसू लागली. पाणी जास्त झाले, असे समजून आमच्या साध्या नियंत्रकाने इमानेइतबारे पाण्याचा व्हॉल्व्ह मिटावयास घेतला, आणि मीही मान डोलाविली. तोच बगॅसच्या धुळीने माखलेले वृद्ध फायरमन म्हणाले, “सायेब, पानी वाढलं न्हाई, फुगलंय!” आणि त्यांनी नियंत्रक मॅन्युअलवर टाकून हाताने व्हॉल्व्ह उघडला. दाब घसरला की पाण्यातील बुडबुडे फुगतात, पातळी चढल्याचा आभास होतो, आणि नेमक्या त्याच क्षणी बॉयलरला अधिक पाणी हवे असते, हे प्रमेय मला पुढे इंग्रजी ग्रंथांत सापडले. त्यावरचा तोडगा म्हणजे त्रिघटक नियंत्रण, आणि ते एखाद्या जुन्या कारकुनाने लिहिलेल्या जमाखर्चासारखे आहे: वाफ हा खर्च, पाणी ही जमा, पातळी ही शिल्लक, शिल्लक पाहून व्यवहार न करता खर्चाबरोबर जमा करावयाची, आणि शिलकेने केवळ चूक दुरुस्त करावयाची. पुढल्या हंगामात ही योजना बसवावी म्हणून मी व्यवस्थापनाशी तंटा केला आणि तो जिंकलो. आयुष्यात जिंकलेल्या तंट्यांत हाच मला सर्वांत प्रिय आहे.

स्वयंचलनाने माणूस घालविला, अशी हाकाटी करणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. व्हॉल्व्ह फिरविणारे हात कमी झाले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मला खंत वाटते ती अशी, की त्या हातांचे ज्ञान आम्ही मापक, नियंत्रक आणि व्हॉल्व्ह यांच्या साखळीत, म्हणजे लूपमध्ये, उतरवून घेतले आणि त्याचा दाखला कोणत्याही दप्तरी ठेवला नाही. ज्यांना या क्षेत्रात कारकीर्द करावयाची आहे, त्यांना वाट मोकळी आहे. आयटीआयमधील इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकपासून पदवीधरापर्यंत प्रत्येकाला साखर, औषध, रसायन, तेलशुद्धी, वीज असे अनेक इलाखे खुले आहेत, आणि जो लूप स्वतः तपासतो, कंट्रोल व्हॉल्व्हची निवड करतो, कमिशनिंगच्या रात्री जागतो, त्याला काम शोधीत हिंडावे लागत नाही.

परंतु आजचे तरुण अभियंते पडद्यावरील रंगीत टाकीलाच टाकी समजतात, याला काय म्हणावे? अलीकडे एका ठिकाणी मला मापकावर चालू वर्षाच्या तपासणीची चिठ्ठी दिसली आणि मापकावर मात्र कित्येक वर्षांची धूळ. या आळसाची किंमत जगाने मोजली आहे. 23 मार्च 2005 रोजी अमेरिकेत टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात मनोरा काठोकाठ भरत असताना पातळीमापक द्रवाची पातळी उतरत असल्याचे सांगत राहिला, कारण त्याची रुजवात कालबाह्य घनतेवर झाली होती. स्फोटात 15 माणसे मेली.

म्हणून या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या वाचकाला माझी विनंती एवढीच, की कारखान्यात पाऊल टाकल्यावर नियंत्रणकक्षात जाण्यापूर्वी त्याने बॉयलरच्या काचनळीपाशी जावे, तेथील पातळी आपल्या डोळ्यांनी पाहावी, आणि मगच पडद्यावरच्या आकड्याशी तिची रुजवात घ्यावी.