सुमार म्हणजे किती?

कार्तिकी एकादशीला साजगावात बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. तिथे सुकी मासळी घेताना आपण बोंबील हातात धरतो, वास घेतो आणि जावेच्या कानात सांगतो, "माल सुमारच आहे गं." म्हणजे टाकाऊ नाही, पण पिशवीत भरावा असाही नाही.

हा 'सुमार' मूळचा फारसी. तिकडे 'शुमार' म्हणजे मोजणी. जनगणनेला पूर्वी आपल्याकडे खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर, म्हणून घरांची मोजणी. मोजता येणार नाही इतका पाऊस तो बेसुमार. पुढे मोजणीचा अर्थ अंदाजाकडे सरकला. 'सुमारे वीस बायका', 'तिन्हीसांजेच्या सुमाराला' असं आपण रोज बोलतो. आणि जे अंदाजावर उरकलं, बेताचं झालं, ते सुमार. ही शेवटची पायरी अशीच पडली असावी, असं आम्हाला वाटतं. (सासूबाई भाजीला सुमार म्हणतात तेव्हा मात्र मोजमाप विचारू नये!)

मोजणीचा शब्द, पण वापरतात न मोजता. त्याचा फटका गटांना बसतो. व्यापारी तांदळाच्या पोत्यात हात घालतो, "सुमार आहे" म्हणतो आणि किलोमागे दर पाडतो. आपण मान डोलावतो.

सरकारी भातखरेदीत बघा. 'साधारण' आणि 'अ दर्जा' असे दोन प्रकार. 2024-25 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 2300 आणि 2320 रुपये होता. फरक फक्त 20 रुपयांचा, कारण साधारण म्हणजे वाईट नव्हे, ती दाण्याच्या आकारावरून केलेली विभागणी आहे. ओलावा 17 टक्क्यांपर्यंत चालतो, आणि तो यंत्रावर मोजतात.

आमच्या बैठकीत एका ताईच्या पापडांना कुणीतरी सुमार म्हणालं. पुढच्या दोन बैठकांना ती आलीच नाही. पापड चवीला छान होते, फक्त कडेला जाड राहत होते. तेव्हापासून वहीत 'सुमार' लिहीत नाही. कड जाड, मीठ कमी, तुकडा जास्त, असं लिहितो. ते दुरुस्त करता येतं.

व्यापाऱ्यालाही तेच विचारा: "दादा, सुमार म्हणजे काय? तुकडा आहे, ओल आहे, की खडा आहे?" आणि सूप पुढे करा.