कृत्रिम हिमनदी (लडाख)

कृत्रिम हिमनदी म्हणजे हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी ठरावीक जागी गोठवून केलेला बर्फाचा साठा होय. भारतातील लडाख या केंद्रशासित प्रदेशात गावकऱ्यांच्या श्रमांतून असे साठे उभारले जातात. नैसर्गिक हिमनदी स्वतःच्या भाराने उतारावरून सरकते. हे साठे सरकत नाहीत. त्यामुळे ‘हिमनदी’ ही संज्ञा येथे केवळ रूढीने वापरली जाते.

पार्श्वभूमी

लडाख हिमालयाच्या पर्जन्यछायेत असून लेह येथे वर्षाला सुमारे १०० मिलिमीटर एवढीच वृष्टी होते. शेती बर्फ वितळून आलेल्या पाण्यावर चालते. कडक थंडीमुळे बहुतेक गावांत वर्षातून एकच पीक निघते. जव, गहू इत्यादींच्या पेरणीसाठी एप्रिल-मे महिन्यांत पाणी लागते. परंतु उंचावरील हिमनद्यांचे मुबलक पाणी जूनच्या सुमारास येते. पेरणी लांबल्यास थंडीपूर्वी पीक हाती येत नाही. हिवाळ्यात मात्र ओढ्यांचे पाणी उपयोगाविना सिंधू नदीस मिळते. म्हणजेच येथील टंचाई जितकी पाण्याची, तितकीच वेळेची आहे.

नोर्फेल यांची पद्धत

स्थापत्य अभियंता चेवांग नोर्फेल यांनी १९८७ मध्ये फुक्त्से या गावी पहिली कृत्रिम हिमनदी तयार केली. या पद्धतीत ओढ्याचे पाणी पाटाने दरीच्या सावलीतील बाजूस वळवतात व मंद उतारावर दगडी बांध घालून पसरवतात. वेग मंदावलेले पाणी थरांवर थर साचून गोठते. हा साठा नैसर्गिक हिमनदीपेक्षा खाली, गावाजवळ असल्यामुळे लवकर वितळतो. नोर्फेल यांना २०१५ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला.

हिमस्तूप

सावलीची योग्य जागा प्रत्येक गावात नसते. यावर उपाय म्हणून सोनम वांगचुक व त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात शंकूच्या आकाराचा प्रायोगिक हिमस्तूप उभारला. उंचावरील ओढ्यातून नळाने आणलेले पाणी गुरुत्वाकर्षणाच्या दाबामुळे उभ्या नळीतून कारंज्यासारखे उडते; त्यासाठी पंप लागत नाही. शून्याखालील तापमानात तुषार खाली पडता पडता गोठतात. सपाट पसरलेल्या तेवढ्याच बर्फाच्या तुलनेत शंकूचा पृष्ठभाग कमी असल्याने त्यावर ऊन कमी पडते व बर्फ वसंत ऋतूपर्यंत टिकतो. वांगचुक यांना या कार्यासाठी २०१६ मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला.

मर्यादा

नळात पाणी गोठल्यास काम थांबते. त्यामुळे ऐन थंडीत देखरेख करावी लागते. बांध व पाट यांची दुरुस्तीही गावालाच करावी लागते. वरच्या गावाने पाणी वळवल्यास खालच्या गावाच्या वाट्याचा प्रश्न उद्भवू शकतो. या पद्धतीने नवे पाणी निर्माण होत नाही, केवळ हिवाळ्यातील पाणी वसंत ऋतूसाठी राखले जाते. हिवाळ्यात ओढा वाहता असणे ही त्याची पूर्वअट असल्याने, आटत चाललेल्या मूळ हिमनद्यांना हा पर्याय ठरू शकत नाही.