लग्नाचा बायोडाटा वेगळा, नोकरीचा वेगळा

रिश्त्यासाठी लागणारा बायोडाटा आपल्या घरांत सर्वांच्या ओळखीचा आहे. वडिलांचा व्यवसाय, भावंडे, उंची, आवडीनिवडी असे सारे त्यात येते. आपली अनेक मुले-मुली नोकरीसाठीही जवळपास तोच नमुना पाठवतात. मग पदवी असूनही मुलाखतीचा फोन येत नाही आणि घरात बोलले जाते, "आपल्याला कोण नोकरी देणार?" भेदभाव होतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण जो कागद आपल्या हातात आहे, तो तरी चोख असावा.

अर्ज वाचणारा एकच गोष्ट शोधतो : आमचे काम याला येते का?

बी.कॉम. झालेली एखादी मुलगी 'मेहनती व प्रामाणिक' असे लिहिते. हे तर सगळेच लिहितात. अब्बांच्या दुकानाचा हिशेब तिने दोन वर्षे सांभाळलेला असतो, तो मात्र 'घरचेच काम' म्हणून गाळते. त्याऐवजी तिने लिहावे : 'दोन वर्षे कापड दुकानाची खरेदी-विक्री टॅलीत नोंदवली. रोज सुमारे ४० बिले. जीएसटीआर-१ साठी विक्रीच्या याद्या तयार केल्या.' शिकवण्या आणि शिवणकामाच्या ऑर्डरीसुद्धा कामच आहे. आकडे मात्र खरे हवेत. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यांवरच येऊ शकतो.

आणखी काही गोष्टी सांभाळाव्यात :

• नवशिक्याला एक पान पुरे. सर्वात अलीकडचे काम व शिक्षण आधी लिहावे.

• जाहिरातीत मागितलेले जे कौशल्य खरोखर येते, ते त्याच शब्दांत लिहावे.

• खासगी नोकरीच्या अर्जात धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय मागितल्याशिवाय देऊ नये.

• नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे लिहावे. एकीकडे 'मोहम्मद', दुसरीकडे 'मोहद' असेल तर कागदपत्रे तपासताना अडते. आधार, पॅन, गुणपत्रिका आताच ताडून पाहाव्यात.

• लग्न किंवा बाळंतपणामुळे खंड पडला असेल तर एका ओळीत सरळ सांगावे. खोटे अनुभवपत्र जोडू नये; पकडले गेल्यास लागलेली नोकरीही जाते.

पाठवण्यापूर्वी तो कागद घरातल्या दुसऱ्या कुणाला वाचायला द्यावा आणि विचारावे, "मला काय काम येते?" उत्तर अडखळत आले, तर पुन्हा लिहायला बसावे.